दक्षिण कोकणात एकाच गावी आठवडाभर : चालण्यासाठी आणि जेवणासाठी कोणते गाव निवडावे?

पायवाट (धागाकर्ती)

नमस्कार. येत्या मार्गशीर्षात मी, नवरा आणि माझे आईवडील असे चौघे ठाण्याहून सिंधुदुर्ग जिल्ह्यात आठवडाभरासाठी जाण्याचा विचार करत आहोत. रोज सकाळी सामान भरून गाव बदलायचे नाही, एकाच ठिकाणी राहायचे, सकाळ-संध्याकाळ चालायचे आणि तिथले घरगुती जेवण जेवायचे, एवढ्या तीन गोष्टींवर घरात एकमत आहे. बाबा सत्तरी ओलांडलेले असले तरी रोज पाच-सहा किलोमीटर सहज चालतात. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला सपाट रस्ता लागतो आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. नवऱ्याला मासे मनापासून आवडतात. स्कूबा, पॅरासेलिंग वगैरे जलक्रीडांमध्ये कोणालाही रस नाही. अशा मंडळींनी मालवणच्या बाजूला राहावे की वेंगुर्ल्याच्या? आमची गाडी नेणार नाही, हेही लक्षात घ्यावे. ज्यांनी खरोखर असे निवांत राहून पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहिल्यास फार उपयोग होईल.

सुरूची सावली

माझे मत मालवणच्या बाजूने आहे. पहिल्यांदाच इतके दिवस राहणार असाल तर हाताशी बाजारपेठ, औषधांची दुकाने आणि दोन-चार खाणावळी असलेले गाव बरे पडते. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मालवणच्या धक्क्यावरूनच सुटते. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरू करवले. चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिरही आहे. तटावरून फिरताना चढउतार आहेत, परंतु तुमच्या वडिलांना ते जड जाणार नाहीत. आईंनी खाली मंदिरापाशी बसावे.

तारकर्ली आणि देवबाग मात्र शनिवार-रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत इतके गजबजतात की निवांतपणा हा शब्द तिथे वापरता येत नाही. त्याऐवजी मालवणच्या उत्तरेला तोंडवळी-तळाशील पाहा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी आणि मध्ये माडांनी भरलेली जमिनीची अरुंद पट्टी, अशी त्या गावाची रचना आहे. आईंना वाडीतल्या सपाट रस्त्यावरून चालता येईल, बाबांना पुळणीवरून (किनाऱ्याच्या वाळूवरून), आणि दोघे एकाच टोकाला भेटू शकतील.

पाणंद

मी मूळचा वेंगुर्ले तालुक्यातला असल्यामुळे माझे मत निःपक्षपाती आहे असा दावा करत नाही. तरीही तुमच्या अटी वाचून आरवली-शिरोड्याच्या पट्ट्याची शिफारस करावीशी वाटते, आणि त्याचे कारण मुख्यतः चालणे हेच आहे.

आरवलीला सागरतीर्थाची पुळण आहे. तिथून दक्षिणेकडे शिरोड्याच्या वेळागरपर्यंत वाळूवरून चालत जाता येते. डाव्या हाताला सुरूचे बन, उजव्या हाताला समुद्र आणि सकाळच्या वेळी मासेमारांखेरीज फारसे कोणी नाही. परतताना त्याच वाटेने यायचे नसेल तर आतल्या रस्त्याने या. चिऱ्यांचे गडगे, त्यांच्यामधून जाणाऱ्या पाणंदी, एखादा व्हाळ (ओढा) आणि त्यावरचा साकव, असा तो सगळा रस्ता सावलीतला आहे. मार्गशीर्षात भाताची कापणी आटोपलेली असते आणि मळ्यांत कुळीथ, भुईमूग, लाल माठ, मुळा यांची लागवड दिसते. पाणी असलेल्या ठिकाणी वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, तयारी चालू असते. मेरेवरून (शेताच्या बांधावरून) चालायला कोणी हरकत घेत नाही, मात्र पीक उभे असेल तर विचारून जावे.

आरवलीचा वेतोबा तुम्ही पाहालच. भाविक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात आणि केळ्यांचे घड वाहतात, कारण देव रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. मंदिर रस्त्यालगत आहे, त्यामुळे आईंना त्रास होणार नाही. शिरोड्याची मिठागरे हे आणखी एक फिरण्याचे ठिकाण आहे. १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला होता. तिथे सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावरच जावे, दुपारी तिथे सावलीचा टिपूस नसतो. रेडी जवळच आहे. तिथली द्विभुज गणेशमूर्ती १९७६ मध्ये खाणीत सापडली. यशवंतगडाचे अवशेष झाडोऱ्यात शिरून पाहावे लागतात, ते काम बाबांचे.

एखादा दिवस तेरेखोलला जाऊन फेरीबोटीने पलीकडे गोव्यातल्या केरीला उतरता येते. तसे करावेच असे नाही. आठवडा शिरोड्यातच संपतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

भरतीओहोटी

पुळणीवरून चालण्याचा विषय निघाला आहे म्हणून एक अत्यंत उपयोगी गोष्ट सांगतो, कारण शहरातून येणारे पाहुणे नेमकी भरतीची वेळ गाठतात आणि मग भुसभुशीत वाळूत पोटऱ्या दुखवून घेतात. ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी ओली वाळू घट्ट असते आणि तिच्यावरून अनवाणी कितीही चालले तरी पाय भरून येत नाहीत.

ओहोटीची वेळ काढण्यासाठी पंचांग पुरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, आणि तिच्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या संपल्यावर प्रतिपदेपासून पंचमीपर्यंत ओहोटी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान येते, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणीही बरेच आत जाते. हे दिवस सकाळी पुळणीवर चालण्यासाठी सर्वांत चांगले. याउलट अष्टमीच्या आसपास भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला असते. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीओहोटीच्या, त्या दिवसांत पाणी फार वर चढत नाही हे खरे, पण घट्ट वाळूचा पट्टा अरुंद राहतो. अशा दिवशी सकाळी शेतांतून फिरावे आणि समुद्रावर फक्त सूर्यास्त पाहायला जावे. तारखा अजून ठरायच्या असतील तर पंचांग समोर ठेवूनच ठरवा.

आणखी एक सूचना. पुळणीवर एखादा व्हाळ किंवा खाडीचे मुख आडवे येत असेल आणि ओहोटीला ते घोटाभर पाण्यातून ओलांडले असेल, तर परतीची वेळ पाण्याकडे पाहून ठरवा. भरती सुरू झाल्यावर तिथे ओढ असते. समुद्रात पोहण्याविषयी तर स्थानिकांना विचारल्याशिवाय पाऊल टाकूच नये. भोगव्यासारख्या ठिकाणी पुळण दिसायला शांत वाटते, पण तिचा उतार तीव्र आहे.

पायवाट (धागाकर्ती)

पाऊणपटीचे हे गणित बाबांना वाचून दाखवताच त्यांनी कालनिर्णय काढून वहीत तक्ता करायला घेतला आहे, त्यामुळे तारखांचा प्रश्न बहुधा त्यांच्याकडूनच सुटेल. भोगवे आणि निवतीविषयी कोणी लिहील का? आणि आईच्या जेवणाचे काय? ‘शाकाहारी म्हणजे पनीर आणि डाळफ्राय’ असा अनुभव किनाऱ्यावरच्या खाणावळींत पूर्वी आला आहे, त्यामुळे ती जरा धास्तावलेली आहे.

तिरफळ

शाकाहारी मालवणी जेवण मिळत नाही, ही समजूत पाहुण्यांनीच तयार केलेली आहे. आल्याआल्या सगळे सुरमई आणि पापलेट मागतात, म्हणून खाणावळवाल्यांनी शाकाहाऱ्यांसाठी शहरी पदार्थ ठेवले. प्रत्यक्षात इथल्या घरांतून सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी असे कितीतरी दिवस मासे शिजत नाहीत, आणि तुम्ही तर मार्गशीर्षात येत आहात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बऱ्याच घरी तुम्हाला मागूनही मासे मिळणार नाहीत. म्हणून आईंनी नव्हे, तुमच्या पतींनीच थोडी चिंता करायला हवी.

घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी आधी सांगून ठेवल्यास काय काय मिळू शकते ते लिहिते. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि त्याबरोबर वडे किंवा आंबोळ्या, हा पहिला मान. भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण नीट जमले असेल तर कोंबडीची आठवण होत नाही. नाश्त्याला घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, कधी खापरोळी. शिरवाळे हा खटाटोपाचा पदार्थ आहे. तांदळाच्या उकडीच्या गरम गोळ्यांच्या शेवया पाडायच्या आणि गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या, हे एकट्या बाईचे काम नव्हे. तेव्हा ते हक्काने मागू नका, घरात हात असतील तर आग्रह करा आणि दाबायला स्वतः बसा. दुपारी कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, नीरफणसाचे किंवा सुरणाचे काप, वालीच्या शेंगांची भाजी. सावंतवाडी-शिरोड्याच्या बाजूला खतखतेही होते. त्यात पाच-सात भाज्या, कंद आणि तिरफळ हे मसाल्याचे फळ असते. ओल्या काजूंची उसळ मात्र तुम्हाला डिसेंबरात मिळणार नाही. ओले काजू साधारण फेब्रुवारीपासून बाजारात येतात आणि आंबा, फणस, कोकम यांसाठी थेट एप्रिल-मे गाठावा लागतो. हंगामाबाहेर कोणी ते वाढले तर ते गोठवलेले आहे असे खुशाल समजावे.

आता माशांविषयी. तुमच्या पतींना सांगा की इसवण (सुरमई) आणि सरंगा हे मासे मुंबईतही मिळतात. इथे आल्यावर त्या दिवशी जे ताजे लागले असेल ते खावे. बांगडे, पेडवे, मुडदुशे, लेप, सौंदाळे हे मासे थाळीच्या फलकावर क्वचितच दिसतात, पण घरच्या बाईला विचारले तर त्यांच्यावर तिचा जीव असतो. बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले दुसऱ्या दिवशी सकाळी घावण्याबरोबर अधिक चांगले लागते, याविषयी आमच्याकडे वाद नाही. तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, त्या ओहोटीच्या वेळी काढल्या जातात. त्यांचे सुके एकशिपी करावे, म्हणजे प्रत्येक तिसरीची एक शिंपली मांसासकट ठेवतात. खायला वेळ लागतो आणि तेच त्याचे सुख आहे.

लालभडक रंगावर जाऊ नका. चांगल्या मालवणी मसाल्याचा रंग गडद असतो आणि जेवणानंतर घसा जळत नाही. सोलकढीसुद्धा गुलाबी शाईसारखी दिसली तर संशय घ्यावा. कोकमाचे आगळ (रस) वापरून आणि नारळाचे दूध काढून केलेली कढी फिकट असते.

घाटमाथा

सर्वांचा उत्साह मान्य करूनही एक शंका विचारतो. गाडी नसताना शिरोडा-आरवलीसारख्या ठिकाणी आठवडा काढणे म्हणजे अडकून पडणे नव्हे काय? आणि दोन दिवसांत पुळण पाहून झाल्यावर पुढे काय करायचे?

पाणंद

घाटमाथा, तुमचा पहिला प्रश्न योग्य आहे. कोकणकन्या एक्सप्रेसने रात्री ठाण्याहून निघाल्यास सकाळी कुडाळ किंवा सावंतवाडी रोडला उतरता येते. वेंगुर्ल्याला जायचे असेल तर कुडाळ सोयीचे आणि शिरोड्याला जायचे असेल तर सावंतवाडी. स्थानकापासून पुढचे अंतर दोन्हीकडे साधारण पंचवीस किलोमीटरच्या घरात आहे. सामान आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असल्याने तेवढ्यापुरती रिक्षा किंवा गाडी यजमानांनाच सांगून ठेवावी. ते गावातला ओळखीचा चालक पाठवतात आणि दर आधीच ठरतो. पुढे गावात फिरण्यासाठी एसटी आहे, पण तिच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि शेवटची गाडी अनेक ठिकाणी काळोख पडायच्या सुमारास निघून जाते. म्हणून जाताना एसटी आणि येताना रिक्षा असा हिशेब ठेवावा. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, आणि नाताळच्या आसपासच्या तारखा असतील तर त्याच सकाळी तिकिटे काढलेली बरी.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार मला नाही. पुळण पाहून होते असे ज्यांना वाटते त्यांनी दोनच दिवस यावे.

कुडाळदेशी

धागाकर्तीने भोगवे-निवतीविषयी विचारले होते. भोगव्याच्या उत्तर टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे देवबागची चिंचोळी जीभ दिसते. दक्षिणेला निवतीचा किल्ला आहे. किल्ला म्हणण्यासारखे आता फारसे उरलेले नाही, पण टेकडीवर चढून गेल्यावर भोगव्याची संपूर्ण पुळण एका नजरेत येते आणि दूर समुद्रात वेंगुर्ला रॉक्सचे खडक आणि दीपगृह दिसते. चढ थोडाच आहे, तरी वाट दगडांची असल्याने गुडघेदुखी असलेल्यांनी खालीच थांबावे. निवतीच्या बंदरात होड्या लागतात तेव्हा माशांचा लिलाव चालतो. तो बाजूला उभे राहून पाहावा, मध्ये शिरून छायाचित्रे काढू नयेत, आणि वाळूवर पसरलेल्या जाळ्यांवर पाय तर मुळीच देऊ नये.

रापण दिसली तर मात्र थांबा. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडतात आणि मग किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसांच्या दोन रांगा दोर ओढत हळूहळू जवळ येत जातात. मिळालेल्या माशांचे वाटे पडतात. ट्रॉलर आणि पर्ससीन नौकांमुळे किनाऱ्यालगतची मासळी कमी झाल्याची रापणकरांची तक्रार जुनी आहे, आणि तासभर दोर ओढून अर्धीच टोपली भरलेली पाहिली की ती तक्रार समजावून सांगावी लागत नाही.

समुद्राचा एक दिवस सुटी घेऊन वालावल आणि धामापूरला जा, असे मी आग्रहाने सांगेन. वालावलचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर आणि त्याला लागून असलेला तलाव, तसेच धामापूरचा सोळाव्या शतकातला तलाव आणि काठावरचे भगवतीचे मंदिर, ही दोन्ही ठिकाणे एका रिक्षाच्या फेरीत होतात. धामापूरच्या तलावाला २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा मिळाला. आईंसाठी ही जागा उत्तम आहे, कारण तिथे काहीही न करता बसता येते.

सुरूची सावली

मी मालवणचा आग्रह धरला होता, परंतु पाणंद यांचे चालण्याचे वर्णन वाचून तुमच्यासाठी शिरोडाच अधिक योग्य वाटते. किल्ल्यासाठी एक दिवस गाडी करून मालवणला जा आणि संध्याकाळी परत या. समुद्र खवळलेला असेल तर होड्या बंद ठेवतात, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून खात्री करून घ्या.

जत्रेकरू

मार्गशीर्षात येत आहात आणि अजून कोणी दशावताराचा उल्लेख केला नाही, याचे आश्चर्य वाटते. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी नाटक होते. नाटक सुरू व्हायला मध्यरात्र उलटते आणि संपायला उजाडते. संवाद लिहिलेले नसतात, नट ते रंगमंचावरच रचतात. सुरुवातीला गणपती, रिद्धी-सिद्धी आणि संकासुराचा आडदशावतार असतो, आणि नंतर पुराणातले आख्यान. पुरुषच स्त्रीभूमिका करतात. पूर्ण रात्र बसणे तुमच्या आईवडिलांना झेपणार नाही, पण आडदशावतारापर्यंत थांबावे, खाजे विकत घ्यावे आणि परत यावे. तुमच्या तारखांना कोणत्या गावची जत्रा आहे हे यजमानांना विचारले की ते दहा गावांची यादी सांगतील. त्या गावी त्या दिवशी मांसाहार बहुधा नसतो, हेही ध्यानात असू द्या.

तिरफळ

थोडे व्यवहाराविषयी. घरगुती मुक्काम ठरवताना राहण्याचा दर आणि जेवणाचा दर वेगळा विचारा. माशांची थाळी माशाच्या प्रकाराप्रमाणे आणि आकाराप्रमाणे बदलते, त्यामुळे ‘थाळी कितीला’ या प्रश्नाला प्रामाणिक माणूससुद्धा नेमके उत्तर देऊ शकत नाही. आदल्या रात्री ‘उद्या काय मिळेल, साधारण किती होतील’ असे विचारून घ्यावे, म्हणजे दोन्ही बाजूंना अवघडलेपणा येत नाही. नाश्त्याचा पदार्थही आदल्या रात्रीच ठरतो, कारण आंबोळीचे पीठ आंबवावे लागते. सकाळी नऊला उठून आंबोळी मागणाऱ्या पाहुण्यांचे किस्से इथल्या प्रत्येक घरात आहेत.

आणि सातही दिवस दोन्ही वेळा भरपेट जेवण सांगू नका. एका रात्री उकड्या तांदळाची पेज, भाजलेला पापड आणि आंब्याचे लोणचे मागा. घरच्या बाईला विश्रांती मिळते आणि तुम्हाला दुसऱ्या दिवशीची भूक.

पायवाट (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. अमावास्येनंतरच्या प्रतिपदेला पोहोचायचे आणि सप्तमीला निघायचे, असे बाबांच्या तक्त्यानुसार ठरले आहे. मुक्काम शिरोडा किंवा आरवली, एक दिवस मालवणचा किल्ला, एक दिवस वालावल-धामापूर, आणि उरलेले दिवस मोकळे. तीन-चार ठिकाणी फोन करायचे आहेत. जेवणाव्यतिरिक्त आणखी काय विचारावे?

पाणंद

आईंचे गुडघे दुखतात असे लिहिले आहे, तर जेवणाच्या आधी हेच विचारा. इथल्या जुन्या कौलारू घरांचे जोते उंच असते, पडवीत जायला पाच-सहा चिऱ्यांच्या पायऱ्या असतात आणि त्यांना कठडा नसतो. खोली तळमजल्यावर आहे का, शौचालय खोलीला लागून आहे की मागच्या परड्यात, आणि ते कमोडचे आहे का, हे स्पष्ट विचारून पायऱ्यांचा फोटो मागवा. घरापासून पुळण किती लांब, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकजण ‘पाच मिनिटे’ असेच देतो. म्हणून मध्ये घाटी उतरावी लागते का, असा प्रश्न विचारा. त्याशिवाय विजेरी बरोबर असू द्या, कारण वाडीतल्या पाणंदींत सातनंतर दिवे नसतात आणि रस्त्यावर जनावर निघू शकते. ‘जनावर’ म्हणजे काय ते आईंना सांगू नका, फक्त विजेरी हातात द्या.